हँडल हलकं लागतं

आधी मला बरंच वाटलं होतं.
पूर्वी दोन्ही हातांनी, कंबर लावून
फिरवावं लागायचं हँडल.
मार्चपासून एका हातानं गरगर फिरतं.
म्हटलं, चला, बेचाळिसाव्या वर्षी
अंगात ताकद आली आपल्या.

गड्डीगोदामचे मुख्तार मिस्त्री हसले नाहीत.
"ताई, तुमचा हात नाई मजबूत झाला.
त्याचा दम गेला."

रिंगा झिजल्या की दाब बाजूनं निसटतो,
ब्रीदरच्या नळीतून धूर येतो निळसर,
आणि ऑइल कुठं जातं, ते पाण्यालाही दिसत नाही.
सगळं वहीत आहे.
वही बाबांची, अर्ध्यापासून पुढचं अक्षर माझं.
त्यांची शेवटची मोठी नोंद:
"हेड उतरवले. ऊन. चहा ११."

तेव्हापासून चार हजार दोनशे तास झाले.
बाबांचा नियम, पाच हजारांवर खोलायचं.
मिस्त्री म्हणतात, तास मोजू नका, ऑइल मोजा.
पॅडलबोटीवाला दुधपचारे म्हणतो,
"बंद पडल्यावर पाहू ना बे,
कायले आतापासून डोकं खाऊन राहिली?"
त्याच्या बोटींना इंजिन नाही,
त्याला झोप लागते.

अंबाझरीचं पाणी उतरलं होतं,
पायऱ्यांखालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या.
सांजेला एक जोडपं आलं फोटो काढायला,
लग्न पंधरा दिवसांवर.
तळ्याच्या मधोमध मी थोडी रेस दिली
आणि मागून धूर उठला,
चव्वेचाळीस डिग्रीत, पाण्यावर, निळा.
फोटोवाला ओरडला, "अरे वा, धुकं!
ताई, अजून थोडं सोडा ना."
मी सोडलं.
तिनं त्याच्या खांद्यावर मान ठेवली.
त्या धुक्यात माझं अर्धा पाव ऑइल होतं
आणि एक पिस्टन,
जो आत कुणाच्याच खांद्याला टेकत नव्हता.

फोटो छान आले असतील.

रात्री काडी पुसली, घातली, काढली.
खालच्या खुणेच्याही खाली.
बचत गटाचे बावीस हजार
पोरीच्या अकरावीसाठी ठेवले होते.
दोनदा मोजले. मोजल्यानं वाढत नाहीत.

सकाळी बाबांना बोटीत बसवलं.
आधी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून
ते सांगायचे, बेअरिंग की टॅपेट.
आता कान गेलेत.
त्यांनी चप्पल काढली,
अनवाणी पाय फळीवर ठेवला,
तळहात टाकीवर.
बराच वेळ.
पाणकावळा खुंटावरून उडाला, परत आला.

"चालून राह्यलं ना?"
"चालून राह्यलं," मी मान हलवली.
"मंग आता खोल.
बंद पडलेलं मशीन खोटं बोलते,
सगळ्याच जागी दुखते म्हणते.
चालतं आहे तवर इचार,
नेमकं सांगते."

मी बंद केलं.
त्या दिवशी पहिल्याच फेऱ्यात चालू झालं होतं,
याचं मला अजून वाईट वाटतं.

नट सोनपापडीच्या डब्यात, बोल्ट झाकणात.
हेड निघालं. पिस्टन निघाला,
काळा, गरम दिवसातही गार.
मुख्तारभाईंनी माझं बोट धरून
स्लीव्हच्या आत वर नेलं:
"नखानं पाहा."
नख अडलं.
जिथवर रिंग कधी पोचलीच नाही,
तिथला लोखंडाचा काठ
कारखान्यातून आला तसाच.
त्याच्या खाली सगळं झिजलेलं, गुळगुळीत, चमकतं.
काम झालं ती जागा चमकते,
आणि तीच बदलायची असते.

बाबा म्हणाले, चहा सांग.
मी वही उघडली:
हेड उतरवले. ऊन. चहा ३.
पुढची ओळ कोरी ठेवली.
या मापाची स्लीव्ह आता येते की नाही,
मुख्तारभाई सोमवारी विचारणार आहेत.