वापराचा तक्ता

मारवडच्या शाळेत टॅब अकरा,
चालू नऊ. तसं लिहिलं.
एकाच्या काचेला तडा, त्यावर
भिकन सरांनी चिकटवलेली पुठ्ठ्याची पट्टी.
पट्टीला रकाना नाही.

चौथीतल्या लोचनाला विचारलं, कसं वाटतं हे?
‘हाई नुसतं बोलस,
आयकस नही.’

सर कानकोंडे झाले.
मग हळूच म्हणाले,
दुपारी लाईट नसते, बॅटरी उतरते,
तेव्हा पोरं काचेवरच्या धुळीत
बोटानं भागाकार मांडतात.
चुकला की फुंकर.

‘दैनिक वापर : तास’
यापुढे पेन धरून बसलो.
ती फुंकर कुठे धरायची?

शेऱ्यात तिचं वाक्य उतरवलं,
जसंच्या तसं.
जळगावला कोणीतरी
ते शुद्ध करून घेईल.