बर्फावरची खुर्ची

आमच्या तळ्यावर दर मार्चमध्ये एक खुर्ची ठेवायचे.
अग्निशमन दलाची, जुनी, लाल रंग उडालेली.
तिच्या पायाला दोर,
दोराचं दुसरं टोक धक्क्यावरच्या घड्याळाला.
बर्फ फुटला की खुर्ची बुडणार, दोर ताणणार,
घड्याळ बंद पडणार.
कुठल्या दिवशी, किती वाजता?
दोन क्रोनरला एक अंदाज.
गिरणीतले, चर्चमधले, दातांच्या दवाखान्यातले
सगळे वहीत नाव लिहून जायचे.
मी लिहिलं होतं: चार मे, दुपारी तीन.

त्या वर्षी आमच्या वर्गात ताइस्तो आला.
फिनलंडचा. बाप लगद्याच्या कढईवर कामाला.
तसे सगळ्यांचेच बाप तिथे होते,
सगळ्यांच्याच स्वेटरला कोबी उकडल्यासारखा वास,
पण वास मारायचा, म्हणे, फक्त ताइस्तो.

बोलताना तो प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर
असा जपून, दाबून पाय द्यायचा,
जशी काही खालची फळी मोडकी आहे.
कॉनी त्याची नक्कल करायचा.
छान करायचा, खोटं कशाला बोलू.

स्कीच्या सहलीला ताइस्तोनं आणला होता
काळ्या पिठात गुंडाळलेला भात, आईनं भाजून दिलेला.
स्टेलाननं तो बर्फात पुरला,
वर दोन काटक्यांचा क्रूस रोवला.
प्रार्थना मी म्हटली.
सेडर्लुंड बाई थोड्या अंतरावर
कुणाच्या तरी स्कीला मेण लावत होत्या,
लावतच होत्या.

एप्रिल संपत आला. बर्फ वरून करडा,
आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ.
रात्री तो कण्हायचा, घरात ऐकू यायचं.
कॉनी म्हणाला,
त्या खुर्चीवर बसून दाखव, मग तू आमच्यातला.
ताइस्तोनं आम्हा अकराजणांकडे पाहिलं,
एकेकाकडे, हजेरी घेतल्यासारखं.
माझी पाळी आली तेव्हा
मी बुटाची नाडी बांधायला वाकले.
ती बांधलेलीच होती.

तो गेला.
प्रत्येक पावलाच्या पहिल्या अक्षरावर जोर देत गेला.
बसला. आमच्याकडे पाठ करून.

आधी आम्ही टाळ्या वाजवल्या.
मग कॉनी ओरडला, बस झालं, ये आता.
मग नुसतं, ये.
मग त्याच्या तोंडून जे निघालं त्याला शब्द म्हणत नाहीत.
कॉनी रडला, हे त्यानंतर कुणी कधी काढलं नाही.
मी बोटं मोजत होते. बर्फ कुठेतरी दूर
कापड फाटल्यासारखा फाटत होता.

किती वेळ, सांगता येत नाही.
घड्याळ माझ्या मागेच होतं, मी वळून पाहिलं नाही.
शेवटी तो उठला, वाकला,
खुर्चीच्या पायाशी काहीतरी करत राहिला,
आणि पलीकडच्या काठाकडे चालत गेला,
स्प्रूसच्या झाडांत.

मे महिन्यात एका सकाळी खुर्ची नव्हती.
दोर पाण्यावर ढिला तरंगत होता,
घड्याळ मजेत चालू.
जिंकलं कुणीच नाही. पंच एकमेकांवर चिडले,
गाठ कुणी मारली होती यावरून दोन भाऊ बोलेनासे झाले.
आम्हा अकराजणांना ठाऊक होतं.
आम्ही मिठाची गुळणी धरली.

जूनमध्ये ते गोथेनबर्गला गेले,
मोटारींच्या कारखान्यात.
त्याच्या भाषेत ताइस्तो म्हणजे लढाई,
हे मला चाळिशीत कळलं,
इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या फिनिश बाईकडून.
मी हसले. तिला वाटलं, टाके दुखत असतील.

त्याचा चेहरा मला आता आठवत नाही.
आठवतं ते तपकिरी जाकीट,
डाव्या खांद्यावर उसवलेली शिवण,
त्यातून डोकावणारा पांढरा कापूस.
शाळेतलं बाकी सगळं विसरले,
ती पाठ तेवढी पाठ आहे.

खुर्ची अजून ठेवतात. आता प्लॅस्टिकची.
वहीवाला विचारतो, यंदा कितीचा अंदाज?
मी पैसे देते. तारखेची जागा
कोरी सोडते.