पासंग

वैधमापन खात्यात सत्तावीस वर्षं.
माझ्या पेटीत पितळी मापं, मखमलीच्या खणात झोपलेली,
चिमट्यानंच उचलायची.
बोटाचा घाम लागला तर मापही खोटं बोलू लागतं,
हे मी नव्या पोरांना शिकवते.

सोमवारी डॉक्टर केळशीकरांनी रिपोर्ट पालथा केला
आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं:
चालणं चाळीस मिनिटं. झोप सात तास.
मीठ निम्मं. माणसांत मिसळा. मन शांत ठेवा.
शेवटच्या दोन ओळींना माप नव्हतं.
"समतोल हवा मॅडम," म्हणाले,
"तुम्हाला काय सांगायचं, तुमचं तर कामच ते."

मंगळवारी पहाटे तळजाईला गेले.
मोर दिसला. अप्पांचं इन्सुलिन तासभर लांबलं.
बुधवारी अप्पांपाशीच बसले, नऊला गाढ झोपले,
आणि उशीखाली वसुधाचा फोन वाजून वाजून गप्प झाला,
त्याच दिवशी तिच्या कोर्टाची तारीख होती.
गुरुवारी बाल्कनीत तिच्याशी साडेबारापर्यंत,
ती तिकडे रडली, मी इकडे शेवेचा डबा संपवला.
मिठाचं विचारू नका.
शुक्रवारी ठरवून काहीच केलं नाही
तर दिवसभर छातीत कुणीतरी हिशेब मागत राहिलं.

शनिवारी मंडईत तपासणी.
लसणाच्या ढिगामागं सोजराबाई,
दांडीचा काटा, सासऱ्याच्या हातचा.
डाव्या पारड्याखाली सुतळीनं बांधलेला
एक चिंचोका आणि शर्टाचं पांढरं बटण.
"हा पासंग. कायद्यात बसत नाही, बाई."
"कायद्यात मी तरी कुठं बसते,
मी पोत्यावर बसते," ती म्हणाली.
"रिकामा धरून बघा की एकदा.
भरल्यावर सगळेच काटे खरे दिसतात."

मी धरला.
दांडी इकडे कलली, तिकडे कलली,
मग अंगठ्याएवढ्या जागेत डुलत राहिली.
मी वाट पाहिली. मागं कोबीची हातगाडी ओरडत होती.
"थांबत नाही हो."
"थांबला की गंजला समजायचं.
पारड्याला ओली माती बसली की बटण सोडते,
वाळून झडली की बांधते. रोज बघावं लागतं.
तुमचा शिक्का वर्षातून एकदा."

नोटीस मी लिहिलीच. नोकरी आहे.
तिनं अंगठा नाही, चांगली वळणदार सही केली
आणि माझ्या पिशवीत मूठभर लसूण टाकला, न तोलता.
मी तो परत ढिगावर ठेवला.

शनिपाराच्या थांब्यावर बस आली, मी चढले नाही.
पेटी मांडीवरून खाली ठेवली.
हातात काही नाही, असं शेवटचं कधी बसले होते?
बघत राहिले, कुठल्या बाजूला कलते.
डावीकडे. अप्पांच्या बाजूला.
त्यात चूक काही नव्हती,
फक्त उजवीकडे काहीतरी बांधायला हवं होतं,
चिंचोक्याएवढं.

संध्याकाळी सुई टोचून झाल्यावर अप्पांना म्हटलं, चपला घाला.
सोसायटीच्या फाटकापर्यंत, तिथून दूध डेअरीपर्यंत,
फोनवर वसुधा स्पीकरला.
ती न्यायाधीशांच्या चष्म्याबद्दल सांगत होती,
अप्पा मध्येच म्हणाले, "पुढं काय झालं गं?"
चाळीस नाही, सतरा मिनिटं भरली,
त्यातली पाच अप्पा बाकावर टेकले होते.

घरी पिशवी झाडताना तळाशी
लसणाच्या दोन पाकळ्या सापडल्या.
सरकारी नोकर म्हणून त्या परत करायला हव्यात, सोमवारी करीन,
म्हणत म्हणत ठेचल्या.
फोडणी चरचरली.
मीठ, डॉक्टर,
आज अंदाजानं.