दुसऱ्या अंकातला पॉज

आमची तालीम तालमीच्या माडीवर.
खाली लाल मातीत पोरं घुमतात,
वर आम्ही वाक्यं घोळतो.
कुठं चाललीस विचारलं की मी म्हणते, तालमीला,
आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला
दरवेळी माझ्या दंडांकडे बघून हसतो.

दिवाळी सरते, स्पर्धेच्या तारखा लागतात.
तोवर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात,
शिरोली नाक्यावर उसाच्या ट्रॉल्या,
मार्केट यार्डात गुळाचे सौदे.
दिवसभर मी रव्यांची वजनं लिहिते.
त्या आरडाओरड्यात माझा आवाज कुणाच्या गणतीत नाही.
रात्री मात्र तो मोजून खर्चायचा:
नटाला पोचला पाहिजे,
पहिल्या रांगेला नाही.
प्रॉम्प्टिंग म्हणजे एवढंच.

हिंदुराव चौगुले, एसटीत कंडक्टर.
गारगोटीची शेवटची फेरी टाकून येतो
आणि खाकी पँटवरच बापाचं धोतर नेसतो.
रुक्साना अत्तार, सीपीआरला नर्स,
रात्रपाळ्या बदलून घेता घेता
अख्ख्या वॉर्डाची देणेकरी झालेली.
घाटगे सरांनी लिहिलं, बसवलं,
आणि सेटला दार हवं म्हणून
स्वतःच्या न्हाणीचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून आणलं.
महिनाभर त्यांच्या घरी न्हाणीला जुनं जाजम.
वहिनी नाटक बघायला आल्या नाहीत.

प्रयोगाच्या रात्री थंडी अशी
की नारळ फोडणाऱ्याचे हात बधिर.
प्रेक्षकांत कानटोप्या, शाली, एक रडकं पोर,
तिसऱ्या रांगेत परीक्षक, मांडीवर कागद.
मी विंगेत, गुडघ्यावर संहिता, दातात बॅटरी.

दुसरा अंक. वीस वर्षांनी परतलेला बाप
लेकीच्या दारात उभा.
संहितेत कंसात एकच शब्द: पॉज.
किती, ते सरांनी लिहिलेलं नाही.
तालमीत हिंदुराव तीन मोजायचा
आणि म्हणायचा, मी फार उशीर केला, बाळ.

तीन झाले.
पाच.
आठ.
चाळीस तालमींत पाठ झालेला त्याचा चेहरा,
आणि मला कळेना,
हा थांबलाय की बुडतोय.
बोलले, आणि तो नुसता थांबला असेल,
तर मीच मारला तो क्षण.
गप्प राहिले, तर माझ्या डोळ्यांदेखत माणूस गेला.
जिभेच्या शेंड्यावर 'मी' येऊन बसला होता,
वाक्यातला, त्याचा.
खोकले थांबले. पोर थांबलं.
वर कुठंतरी पत्रा थंडीनं कडकला.
रुक्साना त्याच्याकडे बघत होती
नाडी हाताला लागेना तशी.

मग तो बोलला. बापाच्या आवाजात नाही,
डबल बेल मारायच्या आधीच्या, रोजच्या आवाजात:
"हितं कुणी उतरणार हाय का?"

संहितेत हे नव्हतं.
संहितेत पुढं लेकीचं पानभर बोलणं होतं.
रुक्सानानं त्यातला एक शब्द उच्चारला नाही.
वाकली, त्याच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलली
आणि आत नेऊन ठेवली.

टाळ्या आल्या नाहीत.
कुणीतरी मफलरमध्ये नाक शिंकरलं.
मी पानभर बोलण्यावर पेन्सिलीनं काट मारली,
हात थरथरत होता, थंडी होतीच.

गंगावेशीत, उजाडायच्या आत,
म्हशीखालचं फेसाळ दूध पिताना विचारलं,
खरं सांग, विसरला होतास?
ओठावरचा फेस पुसत म्हणाला,
"इसरलो का न्हाई, त्येच आठवंना बघ."

निकालात आम्ही पाचवे.
परीक्षकांच्या शेऱ्यांत शेवटून दुसरी ओळ:
प्रॉम्प्टिंग ऐकू आले नाही.
तेवढी ओळ कापून मी
वजनाच्या वहीत ठेवलीय.

न्हाणीचं दार परत बसवलं सरांनी.
पुरतं लागत नाही आता.
आत कुणी असलं की
वहिनी बाहेरनं विचारतात, कोण हाय?
आणि सर, म्हणे,
उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतात.