सहा वाजता पोतं

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं
मकबूल सनदीच्या रोपवाटिकेत रविवारी आम्ही भेटतो.
ठरवून नाही. शेणखत घ्यायचं असतं,
आणि पोतं भरेस्तोवर चहा येतो.

बसलिंगप्पा हुक्केरी कानटोपीतून बोलतो,
"शेवंतीवर मावा पडलाय बघा, काळाकुट्ट.
लिंबोळीचं तेल मारलो, साबणाचं पाणी मारलो,
आता शिव्याच तेवढ्या राहिल्यात."
"कन्नडमधनं घाल की," मकबूल म्हणतो,
"तुझ्या दारातलं झाड, त्याला मराठी कुठली कळायला?"
"रोप तुझ्याकडनंच नेलो की बे.
दोन्ही कळतंय तिला, म्हणून तर ऐकत नाही."

फिलोमिना बार्देस्कर हसत नाही.
कार्तिक सरत आला,
भाताच्या गंजी लागल्या, बाजारात रताळी आली,
आणि तिची लालपत्ती अजून हिरवीगार.
"नाताळाला हिरवीच राहिली तर काय करू,
मेथीची जुडी म्हणून विकू?"

मकबूल कपातली साय बोटानं काढतो.
"तिला रात्र लागते, बाई.
चौदा तासांची, सलग.
मध्ये बॅटरीसुद्धा मारायची नाही कुणी."

आणि तिच्या गेटासमोर दिवाळीतच
महापालिकेनं नवा पांढरा दिवा लावलेला.
बसलिंगप्पानं सुवाच्य कन्नडमध्ये अर्ज केला,
शिक्का मारलेली प्रत मिळाली,
दिवा तसाच राहिला.

कुंडीत असती तर उचलून आत नेली असती.
ही जमिनीत आहे, आग्नेलनं लावलेली,
आता फिलोमिनाच्या खांद्याला लागते.
शेवटी तीन कामट्या रोवल्या,
तांदळाची पोती उसवून एक मोठं पोतं शिवलं.
सहाला घालायचं, सकाळी आठला काढायचं,
जसं लहान पोराला स्वेटर.

मग लेकीचं बाळंतपण निघालं, मडगावला.
किल्ली माझ्याकडं.
रोज सव्वासहाला फोन,
"घातलंस?"
"घातलं गे."
"नीट खालपर्यंत?"
"खालपर्यंत."
मागे बाळ रडत असायचं,
आणि आम्ही दोघी पोत्याबद्दल बोलत असायचो.

एका संध्याकाळी रस्त्याच्या बाजूला
उंदरानं पाडलेलं भोक दिसलं, पेल्याएवढं.
उद्या शिवू म्हटलं.
उद्याचे आठ दिवस झाले.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
मकबूललासुद्धा नाही,
आणि त्याला तर मी माझ्या गुडघ्याचंही सांगते.

डिसेंबरच्या बाराला ती आली.
पिशवी ठेवली न ठेवली तोच
स्टीलच्या परातीत माती पसरून नाचणी पेरली,
गोठ्यातल्या बाळाभोवती शेत हवं म्हणून.
मी म्हटलं, हे तर आमच्या घटासारखंच की.
"तुमचं पिवळं येतं," ती म्हणाली,
"देवघरातल्या अंधारातलं.
आमचं खिडकीत ठेवायचं."
आणि परात उन्हाकडं सरकवली.

मग दोघी गेटाशी गेलो.
झाड पेटलं होतं, देठापासून शेंड्यापर्यंत लाल,
फक्त रस्त्याकडची एक फांदी
हिरवी, एकदम टवटवीत.
मी घसा खाकरला.
तिनं ती फांदी हातात धरली,
दिव्याकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं,
भोकातून बोट आरपार घातलं.

"हिला झोप लागली नाही वाटतं," म्हणाली.
बोट काढून पदराला पुसलं.
"चल, चहा टाकते.
बसप्पाचा मावा गेला काय तेवढं सांग."