ओला रंग

माझा नवरा एवारिस्तो रोज पाचला उठतो,
संध्याकाळच्या पाचला, दुपारच्या झोपेतून.
थर्मास डाव्या काखेत, उजव्या हातात येर्बाच्या कडू चहाची तुंबी,
जिना उतरताना चौथ्या पायरीवर एकदा खाकरतो.
मग रस्ता ओलांडून किनाऱ्यावरच्या त्याच बाकावर,
दिव्याच्या तिसऱ्या खांबाशेजारी,
समोरचं मातकट पाणी बघत सव्वा तास.
ते पाणी नदीचं की समुद्राचं,
यावर माँटेव्हिडिओत अजून एकमत नाही.
एवारिस्तोचं आहे: नदी.
त्याने एखादं मत शेवटचं बदललं
तेव्हा आमच्या फाबियानाचे दुधाचे दात पडत होते.

हसते मी त्याला. पण माझं तरी काय वेगळं?
एकोणतीस तारीख आली की बटाट्याचे न्योकी,
ताटाखाली नाणं, म्हणजे पुढचा महिना कोरडा जात नाही.
एक्केचाळीस वर्षं तेच नाणं.
बाजारातून कधीच बाद झालंय,
आमच्या घरातून नाही.

मंगळवारी तो वीस मिनिटं उशिरा आला.
वीस मिनिटांत मी त्याला दोनदा बुडवला,
एकदा बसखाली घातला,
आणि काळा झगा अजून अंगाला होतो का
तेही बघून ठेवलं.

दारातच म्हणाला, 'बाकाला रंग दिलाय. हिरवा. ओला आहे.'
'मग?'
'मग पलीकडच्या बाकावर बसलो.'
पलीकडचा म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेला,
पाण्याकडे पाठ, समोर आमच्यासारख्या इमारती.
तिथे फक्त बस चुकलेले लोक बसतात.
'आणि काय दिसतं तिथून?'
त्याने बूट काढले. एका टोकावर हिरवा ठिपका होता,
म्हणजे आधी खात्री करून घेतली असणार.
'तू दिसतेस,' म्हणाला.
'दोरीवरचे कपडे काढताना
उशांच्या अभ्र्यांना काहीतरी सांगत असतेस.
माझ्या शर्टांचा मात्र नुसता चिमटा ओढतेस.'

रात्री भांडी विसळताना
कुणी बघत नाही या भरवशावर
त्या बाल्कनीत मी आजवर काय काय केलंय
ते एकेक आठवत गेलं
आणि कानापर्यंत तापले.

बुधवारी रंग वाळला. तो आपल्या बाकावर परतला,
दिवेलागणीला गाय दावणीला यावी तसा.
मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.
रोज कुणी बघणार म्हटल्यावर
अभ्र्यांशी काय डोंबल बोलणार?

पण आठवड्यातून एखाद्या दिवशी,
कुठल्या ते सांगत नाही,
तो पाण्याकडे पाठ करतो.
मी खाली बघत नाही.
दोरीवरून पहिला त्याचाच शर्ट काढते,
दोन्ही खांदे धरून हवेत झटकते
आणि ओठ हलवते.
काय बोलते ते त्याला तिथून ऐकू येत नाही,
मलाही धड ठाऊक नसतं.
बहुतेक कांद्याचे भाव.

परवा एकोणतीस होती.
न्योकीत बटाट्याऐवजी मी लाल भोपळा घातला.
का, ते विचारू नका. बटाटे घरात होते,
चांगले दोन किलो, टोपलीतून माझ्याकडे बघत होते.
एवारिस्तोने एक न्योकी खाल्ला. थांबला.
दुसरा खाल्ला.
मग काटा बाजूला ठेवला,
दोन्ही हातांनी ताट अलगद उचललं,
आणि वाकून खाली पाहिलं,
नाणं तरी तेच आहे ना.