खांबाचा भाव

बुटीबोरीच्या शेडमध्ये, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात,
मी ठवरेंचं बोलणं इंग्रजीत टाकते.
ठवरे म्हणतात, "त्याले म्हना, बाकीचे पैसे पाठवजो."
मी टाइप करते: पैसे पाठवा.
"जो" इथेच राहतो,
टेबलावर, तर्रीच्या डागाशेजारी.

त्या "जो"मध्ये असतं की घाई नाही,
की तू पाठवशीलच हे मला ठाऊक आहे,
सवडीनं पाठव, पण पाठव.
इंग्रजीत बसवायला गेले तर चार ओळी होतात
आणि वाचणाऱ्याला कळत नाही,
हे लोक पैसे मागतायत की माफी.

पलीकडे म्वांझा, समुद्राएवढ्या तळ्याकाठी.
तिथे मासांजा नावाचा माणूस जिनिंग चालवतो,
आमचे रोलर त्याच्या मशीनवर चढतात.
त्याची मेल आधी घरात येते, मग कामावर:
सगळे बरे ना? आई? मुलं? ऊन फार आहे का?
चौथ्या परिच्छेदात कळतं
की बारा रोलर वाकडे पोचलेत.
पहिले तीन मी वाचायचेच नाही, खरं सांगते.

मार्चमध्ये इस्तारी मिस्त्रीचा बाप गेला.
लेथ आठ दिवस बंद. कंटेनर चुकला.
मी कळवलं दोन ओळींत, कारण आणि नवी तारीख.
उत्तर आलं दोन शब्दांचं.
पी ओ एल ई. एस ए एन ए.
पोल? आम्ही कॅटलॉग काढला.
"साना म्हंजे लहानसान असन," गजानन म्हणाला,
"शेडसाठी पाह्यजे असन खांब."
ठवरेंनी सहा फुटी लोखंडी खांबाचा भाव काढला,
दार-एस-सलामपर्यंतचं भाडं जोडून,
आणि मी कोटेशन पाठवलं,
वर "चौकशीबद्दल आभार".

एका म्हाताऱ्याच्या मरणावर आलेल्या सांत्वनाला
आम्ही दर लावला,
नगाला बेचाळीस डॉलर.

तीन दिवस काही नाही. मग फोन.
मासांजा अडखळत बोलला.
पोले, तो म्हणाला, पोले साना,
तुमच्यावर आलं ते मला कळलं, असं.
आमच्यात ठेच लागली तरी म्हणतात, घर जळलं तरी.
आपला काही दोष नसला तरी म्हणतात.
मी पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.
मग त्यानं विचारलं, मिस्त्रींचं नाव काय?

नाव. चार वर्षांत बिलावर, चलनावर,
पॅकिंग लिस्टवर कुठेच नव्हतं ते.
इस्तारी, म्हटलं.
त्यानं तीनदा म्हणून पाहिलं.

सांगायला गेले तर इस्तारीनं मशीन बंद केलं नाही,
फक्त हात थांबवला.
"खांबाचे पैसे तं नाही लावले त्याले?"
लावले होते. मागे घेतले.
"बरं केलं."
मग बऱ्याच वेळानं,
"त्याच्या जिनिंगले मिस्त्री कोन हाय?"
मला माहीत नव्हतं.

वाकड्या रोलरचं अजून मिटलेलं नाही.
तो म्हणतो जहाजात, आम्ही म्हणतो तुमच्या गोदामात.
भांडण चालूच आहे, पण पहिले तीन परिच्छेद
आता मीही लिहिते.
सुरुवातीला हात जड झाला, खोटंही वाटलं.
तरी लिहिलं: इकडे सत्तेचाळीस अंश.
दुपारी कावळे गळक्या नळाखाली बसतात.
इस्तारीची आई जेवायला लागली.

काल ठवरे निघता निघता दारातून म्हणाले,
"त्याले म्हना, येजो एखाद्या वेळी.
संत्रा उतरन तवा येजो."
मी बसले. "या" लिहिलं, खोडलं.
प्लीज लावून पाहिलं, तो आणखी लांब गेला.
शेवटी त्याच्याच मेलच्या तळाशी असतो तो शब्द घेतला,
करिबू,
कानाला आपल्या करीबसारखाच लागतो.
त्याच्याखाली, रोमन अक्षरांत, येजो.

अर्थ दिला नाही.
विचारायला फोन करेल.